गंधसरू आणि साग : मारुती चितमपल्ली यांच्या अरण्यलेखनाचे एक वाचन

आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना लबानोन पर्वत परका वाटत नाही. तेथला गंधसरू, उतारांवरील जैतुनाची झाडे, अंजिराची सावली, खडकांच्या कपारींत राहणारा शाफान, भिंतीतून उगवणारा एजोब ही नावे स्तोत्रांतून, वाचनांतून आणि प्रवचनांतून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानांवर पडत आली आहेत. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरील एका पर्वतराजीतील वनस्पती आणि प्राणी अशा रीतीने आपल्या बोलण्यात येऊन बसले. परंतु अमरावती धर्मप्रांताच्या उत्तरेस उभ्या असलेल्या गाविलगडच्या डोंगरांतील दहा झाडांची नावे सांगा, असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी बहुतेकांची गाडी साग, मोह, पळस, बांबू अशा चार-पाच नावांवर येऊन अडते. जे अरण्य कोणी पाहिले नाही त्याची नावे तोंडपाठ, आणि जे परतवाड्याच्या पुढे घाट चढताच सुरू होते ते निनावी, अशी ही स्थिती आहे.

हा प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा असता, तर एखाद्या शालेय तक्त्याने तो सुटला असता. वस्तुतः तो साहित्याचा प्रश्न आहे. लबानोनचा गंधसरू आपल्याला ठाऊक झाला तो वनस्पतिशास्त्रामुळे नव्हे. कवींनी आणि संदेष्ट्यांनी त्याला आपल्या वाक्यात जागा दिली, आणि भाषांतरकारांनी त्या वाक्याला मराठीत जागा शोधली, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. मेळघाटच्या सागाला अशी जागा मराठीत कोणी दिली काय, दिली असल्यास कोणत्या गुणाने आणि कोणत्या मर्यादेत दिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. 18 जून 2025 रोजी सोलापूर येथे निधन पावलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचे लेखन हाच या विचाराचा मुख्य आधार आहे.

प्रथम भाषांतरकारांकडे वळू. पवित्र शास्त्रातील सृष्टी मराठीत आणताना त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. लबानोनच्या उंच उतारांवर वाढणारा तो प्रचंड सदाहरित वृक्ष सह्याद्रीत नाही आणि सातपुड्यातही नाही. त्याचा जवळचा नातलग म्हणजे हिमालयातील देवदार. भाषांतरकारांनी ‘गंधसरू’ हे नाव योजले. सरू हे झाड मराठी कानाला परिचित आहे. त्याला सुगंधाची जोड दिली की न पाहिलेल्या वृक्षाची उंची आणि दरवळ या दोन्ही गोष्टी एका शब्दात येतात. शाफानाच्या बाबतीत मात्र असा मार्ग नव्हता. खडकांत राहणारा, सशाएवढा, आखूड कानांचा हा प्राणी भारतात आढळतच नाही. म्हणून मूळ हिब्रू नावच मराठीत ठेवले गेले. एजोबाचेही तसेच. या दोन मार्गांखेरीज तिसरा मार्ग म्हणजे जवळच्या एखाद्या देशी प्राण्याचे वा झाडाचे नाव देऊन मोकळे होणे. तो सोपा, पण अनेकदा फसवा. अपरिचित सृष्टीला नाव देण्याचे हे तीन मार्ग वाचकांनी लक्षात ठेवावेत. चितमपल्लींचे लेखन तपासताना ते पुन्हा उपयोगी पडतील.

राजांच्या पहिल्या ग्रंथात शलमोनाच्या शहाणपणाचा जो पुरावा दिला आहे, त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीवरच्या एजोबापर्यंत सर्व वनस्पतींविषयी बोलत असे. पशू, पक्षी, सरपटणारे जीव आणि मासे यांच्याविषयीही बोलत असे, असे तेथे सांगितले आहे. न्यायनिवाड्याइतकेच झाडा-पाखरांचे ज्ञान हेही राजाच्या प्रज्ञेचे लक्षण मानले गेले. परंतु लगेच पुढच्याच अध्यायात हाच राजा सोरच्या हिराम राजाकडून मंदिरासाठी लबानोनचे गंधसरू तोडून मागवतो. ज्ञान आणि तोड यांची ही जवळीक मार्मिक आहे. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनने लबानोनच्या खडकांवर लेख कोरवून चार जातींचे वृक्ष राजसत्तेसाठी राखून ठेवले. आज त्या महावनाचे थोडेच तुकडे उरले आहेत. बशर्रीजवळची ‘देवाचे गंधसरू’ म्हणून ओळखली जाणारी राई आणि कादिशा खोरे यांना 1998 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्वतावर विरळ झालेले हे झाड ग्रंथात मात्र घनदाट राहिले, असे म्हणावे लागते.

मेळघाटची कथा उलट आहे. तेथे अरण्य अजून बरेच शिल्लक आहे. पण साहित्यात ते विरळ आहे. सातपुड्याच्या गाविलगड शाखेतील हा मुलूख अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पसरला असून, त्याचा दक्षिण उतार अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात नरनाळ्याच्या किल्ल्यापाशी वऱ्हाडच्या काळ्या कपाशीच्या मैदानाला भिडतो. घाटांचा मेळ तो मेळघाट. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या येथे उगम पावून तापीला मिळतात. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. वैराटचे शिखर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंच आहे. साग हा येथला राजा. त्याच्या दरबारात ऐन, धावडा, तिवस, हळदू, बिजा, कुसुम, तेंदू, सालई, मोह, बहावा आणि नाल्याकाठची जांभळे. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, भेकर, चौसिंगा आणि रानकुत्री ही येथली प्रजा. आणि या सर्वांना फार पूर्वीपासून नावाने ओळखणारा माणूस म्हणजे कोरकू. त्याची भाषा मराठीच्या कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही. ती पूर्वेकडील मुंडारी, संथाळी या भाषांच्या गोतातली आहे.

एका नावापुरते थांबून पाहू. कोरकू भाषेत ‘सिपना’ म्हणजे साग. धारणीकडे जाताना सेमाडोह-कोलकासच्या परिसरात जी नदी भेटते तिचे नावच मुळी सागाची नदी असे आहे. आपण ते नाव नकाशात वाचतो, बसच्या खिडकीतून फलकावर पाहतो, आणि निरर्थक ध्वनी म्हणून सोडून देतो. ‘लबानोन’ या नावात शुभ्रतेचा अर्थ आहे, हिमाच्छादित शिखरांवरून ते नाव पडले, हे आपल्याला टीकाग्रंथ उघडून समजून घ्यावेसे वाटते. सिपनेचा अर्थ मात्र दाराशी असून विचारावासा वाटत नाही. साहित्याने अरण्यासाठी काय करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. नकाशावरच्या नावातला अर्थ त्याने जागा करावा.

मराठीत हे काम ज्यांनी सर्वांत चिकाटीने केले ते चितमपल्ली. 1932 साली सोलापुरात जन्मलेल्या या लेखकाची मातृभाषा तेलुगू होती. कोइमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या वनखात्यात सेवा केली आणि 1990 साली ते निवृत्त झाले. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट या अरण्यांच्या जोपासनेत त्यांचा वाटा होता. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘शब्दांचं धन’, ‘रातवा’ ही त्यांची पुस्तके, 2002 सालचा ‘पक्षिकोश’ आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र मराठी घरांत पोहोचली. 2006 साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी नोकरीत अरण्य हे खात्याचे असते. या माणसाने ते भाषेचे केले.

त्यांच्याआधी मराठीत निसर्गलेखन नव्हते असे नाही. रेव्हरंड टिळकांची ओळख तर फुलामुलांचे कवी अशीच आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने 1956 साली बारा महिन्यांचे रंग-गंध ललितनिबंधाच्या कोंदणात बसवले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’त एका अभयारण्यातील मुक्काम लिहिला, आणि ‘सत्तांतर’ या कादंबरीत वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष विलक्षण संयमाने मांडला. 1983 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु या सर्वांची प्रकृती भिन्न. टिळकांचे फूल हे मुख्यतः मनाचे फूल आहे. दुर्गाबाई ऋतूकडे रसिक विदुषीच्या दृष्टीने पाहतात. माडगूळकर हे कथाकार. प्राण्याच्या हालचालीत त्यांना कथानक दिसते. चितमपल्ली हे यांपैकी काहीच नाहीत. ते नोंद ठेवणारे आहेत. वाट तुडवावी, पाणवठ्याशी बसावे, बरोबरच्या गोंडाला वा कोरकूला विचारावे, उत्तर लिहून घ्यावे, रात्री संस्कृत ग्रंथांत त्याचा दाखला शोधावा, हा त्यांच्या लेखनाचा क्रम आहे. म्हणून त्यांच्या वाक्यांना अलंकाराचा सोस नाही. त्यांची वाक्ये लहान असतात आणि प्रत्येक वाक्यात बहुधा एक वस्तू असते.

नावे देण्याचे जे मार्ग आपण वर पाहिले, ते त्यांच्याही लेखनात आढळतात. पहिला मार्ग, अरण्यवासीयांचा शब्द जसाच्या तसा उचलणे. ‘पक्षिकोशा’त एकाच पाखराची प्रदेशोप्रदेशीची नावे शेजारी शेजारी मांडलेली आहेत, त्या यादीतून फिरताना मराठी ही एक भाषा नसून अनेक बोलींचे वारूळ आहे याची खूण पटते. दुसरा मार्ग, संस्कृतच्या मदतीने नवा शब्द घडवणे. बगळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. इंग्रजी शब्द तसाच उचलण्यापेक्षा असा शब्द घडवणे हे धाडसाचे काम होते. हंसदेव या जैन पंडिताच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या जुन्या संस्कृत ग्रंथाचे मराठीत भाषांतर करून त्यांनी या शब्दसाधनेची पाळेमुळेही दाखवून दिली. तिसरा, फसवा मार्ग त्यांनी टाळला. दोन सारखी दिसणारी पाखरे एका नावाखाली लोटून देण्याचा आळस त्यांच्या लेखनात नाही, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

नावाच्या या काटेकोरपणाने काय साधते, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर मेळघाटातच मिळते. गावोगावच्या वडा-पिंपळावर राहणारा ठिपक्यांचा पिंगळा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याशी बरेच साम्य असलेला, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला आणि दिवसाउजेडी वावरणारा दुसरा एक पिंगळा मध्य भारतात आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. 1873 साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. 1884 नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना मिळाला नाही, आणि तो नामशेष झाला असेच पुष्कळांनी धरले. कर्नल मेनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात 1914 सालचा म्हणून एक नमुना होता खरा. पण तो दुसऱ्याच संग्राहकाचा जुना नमुना असून संग्रहालयातून लंपास करून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली आहे, हे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणले. ती खोटी नोंद बाजूला ठेवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेतला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत सापडला. 113 वर्षांनी! पुढे तो मेळघाटातही आढळला.

या घटनेत वाङ्मयाच्या अभ्यासकाला दोन धडे आहेत. जो सगळ्यांनाच ‘घुबड’ म्हणतो, त्याच्यासमोर रानपिंगळा शंभर वर्षे बसून राहिला तरी तो त्याला दिसणार नाही. वेगळे नाव असते म्हणून वेगळेपण दिसते. दुसरा धडा अधिक कठोर आहे. एक खोटी चिठ्ठी कित्येक प्रामाणिक माणसांची दिशाभूल करते. अरण्यलेखन हे ललित असले तरी त्याने चिठ्ठी खरीच लावली पाहिजे. याच कसोटीवर चितमपल्लींचे लेखन घासून पाहताना त्याच्या मर्यादाही दिसू लागतात, आणि त्या आदरपूर्वक पण स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा अशी की, त्यांच्या लेखनात पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यामधली रेघ पुष्कळदा पुसट असते. आदिवासींकडून कळलेली समजूत, संस्कृत ग्रंथातील विधान आणि स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेले निरीक्षण ही तिन्ही एकाच शांत सुरात येतात. वाचकाला त्या सुराची भुरळ पडते. परंतु कोणत्या वाक्याला निरीक्षणाचा आधार आहे आणि कोणते वाक्य लोकश्रद्धेचे आहे, हे त्याला ठरवता येत नाही. लोकश्रद्धेचे मोल कमी नाही. पण ‘कोरकू असे मानतात’ आणि ‘असे घडते’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते जपले असते, तर श्रद्धेचाही मान राहिला असता आणि शास्त्राचाही.

दुसरी मर्यादा शब्दघडणीची आहे. ‘सारंगागार’ हा शब्द देखणा आहे, पण तो पुस्तकातून उठून पाणवठ्यावर गेला काय? जेथे बगळे वीण घालतात त्या झाडाखालच्या गावाने त्या जागेला काही ना काही म्हटलेलेच असणार. संस्कृतातून घडवलेला शब्द अभ्यासकाच्या टाचणात शोभतो. बोलीतून उचललेला शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी राहतो. वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये 1960 सालीच दाखवून दिले होते. मैदानातल्या माणसाची बोली साहित्यात आली. डोंगरातल्या माणसाच्या बोलीला मात्र पुष्कळदा संस्कृतचे उपरणे पांघरावे लागले. चितमपल्लींनी दोन्ही वाटा चोखाळल्या हे खरे. पण त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांनी पहिली कष्टाची वाट सोडून दुसरी सोपी वाट धरली, आणि नवे निसर्गलेखन कृत्रिम तत्समांनी जड होऊ लागले. गुरूचा दोष नसला तरी परंपरेचा हा दोष नोंदवला पाहिजे.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. त्यांच्या पुस्तकांतून वाचकाच्या मनात राहणारा आदिवासी हा जाणता आहे. तो माग ओळखतो, औषधी मुळी जाणतो, पाखराच्या आवाजावरून पावसाचा अंदाज सांगतो. त्याचे हे ज्ञान शहरी वाचकासमोर सन्मानाने मांडणे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. परंतु तो भुकेला क्वचितच असतो. 1990 च्या दशकात मेळघाट हे नाव महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत आले ते वाघामुळे नव्हे, तर कुपोषणाने दगावलेल्या कोरकू बालकांमुळे. बैरागडसारख्या दुर्गम गावी राहून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी केलेल्या आरोग्यसेवेला 2019 साली पद्मश्री मिळाली, तीही याच अरण्यातल्या दुसऱ्या वास्तवाची साक्ष आहे. ज्या डोंगरात पाखरांना एवढी नावे आहेत, त्याच डोंगरात नाव ठेवण्याआधीच मुले जात होती. अरण्यलेखनाने या गोष्टीकडे पाठ फिरवली, तर ते कितीही सुंदर असले तरी अपुरे आहे.

येथे एक प्रतिवाद रास्तपणे मांडता येईल. लेखकाने एक काम मन लावून केले, तर दुसरे का केले नाही असे त्याला विचारू नये. हा युक्तिवाद एका लेखकापुरता मान्य करता येईल. एका साहित्यपरंपरेपुरता मान्य करता येणार नाही. कारण मेळघाटात माणूस आणि अरण्य यांचे प्रश्न वेगळे राहिलेलेच नाहीत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड अशी गावे या शतकाच्या आरंभापासून बाहेर आणून वसवली गेली. वाघाला निवांत जागा हवी, हे खरे. पुनर्वसित कुटुंबांना रस्ता, शाळा, दवाखाना जवळ मिळावा, हेही खरे. पण गाव उठते तेव्हा घरांबरोबर एक कोशही उठतो. ज्या नाल्याला ज्या झाडावरून नाव पडले, तो नाला मागे राहतो आणि नाव सांगणारा पायथ्याच्या शेतजमिनीवर येतो. एका पिढीत ते नाव आठवण होते, दुसऱ्या पिढीत तेही नाही. दुसऱ्या बाजूने, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या पायविहीरसारख्या गावाने उजाड टेकडी राखून ती पुन्हा हिरवी केली. म्हणजे अरण्य जाणणारा माणूस अरण्य राखूही शकतो. या दोन्ही कथा मराठी ललित साहित्याची वाट पाहत आहेत.

नावे ठाऊक असली म्हणजे प्रेम असते काय, असाही प्रश्न श्रद्धावंत वाचक विचारतील आणि त्यासाठी असिसीकर संत फ्रान्सिसचा दाखला देतील. सुमारे 1225 साली रचलेल्या त्याच्या सृष्टिगीतात सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी आणि धरणीमाता यांना भावंडांचा मान आहे. परंतु एकाही झाडाचे वा प्राण्याचे नाव त्यात नाही. फुले आहेत, गवत आहे, फळे आहेत; नाव नाही. मग काटेकोर नावांचा एवढा आग्रह कशाला? या शंकेचे समाधान फ्रान्सिसच्याच चरित्रात आहे. त्याचा आद्य चरित्रकार चेलानोचा थॉमस सांगतो की, लाकूड तोडणाऱ्या बंधूंना फ्रान्सिस बजावत असे, झाड समूळ तोडू नका, त्याला पुन्हा फुटायची आशा राहू द्या. उंब्रियाच्या डोंगराळ रानात वावरलेल्या माणसाचे हे सांगणे आहे. खोडाचा बुंधा राखला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात, हे वनविद्येतले पायाभूत ज्ञान आहे. मेळघाटातला सागही असाच बुंध्यातून पुन्हा उभा राहतो. फ्रान्सिसचे प्रेम पोकळ भावनेचे नव्हते. कुऱ्हाड कोठे थांबवावी हे त्याला कळत होते. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी आपल्या सामायिक घरावरील परिपत्राला त्याच गीतातील शब्दांचे शीर्षक दिले, तेव्हा हा जुना धागा पुन्हा सर्वांच्या हाती आला.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या सामुदायिक साहित्याने गंधसरू जपला, हे त्याचे ऋण आहेच. सोळाव्या-सतराव्या शतकात फादर स्टीफन्सने मराठीची थोरवी गाताना मोगरी, कस्तुरी, मोर अशा इथल्याच गोष्टींशी तिची तुलना केली, आणि परकीय असून या मातीशी नाते जोडले. त्याच्या तुलनेत आजचे आपले लेखन कोठे आहे? नाताळच्या दिवसांत वऱ्हाडात शेताशेतांत कापूस फुटलेला असतो, वेचणी चाललेली असते. आणि आपण तोच कापूस सुरूच्या फांदीवर पसरून त्याला बर्फ म्हणतो. यात कोणाचे नुकसान नाही, मुलांचा आनंद आहे. पण आपल्या कविताही जेव्हा तेच करतात, न पाहिलेल्या बर्फासाठी पाहिलेला कापूस विसरतात, तेव्हा समीक्षकाने बोलले पाहिजे. प्रायश्चित्तकाळात पळस पेटतो, पुनरुत्थानाच्या सणाच्या आगेमागे मोहाची फुले गळतात आणि पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. उपासनेच्या वर्षाला जोडलेले हे दुसरे पंचांग आपल्या दाराशी आहे. ते आपल्या पानांवर फारसे उतरलेले नाही.

चिखलदऱ्याजवळच्या मरियमपुरात आणि डोंगरातल्या इतर धर्मग्रामांत कोरकू कुटुंबे आहेत. त्यांच्या घरांतील आजी-आजोबांना अजूनही असे शब्द ठाऊक असतील की जे कोणत्याही कोशात नाहीत. चितमपल्लींसारखा चालणारा आणि विचारणारा लेखक पुन्हा लवकर होणार नाही. पण त्यांची पद्धत कोणाची खासगी मालमत्ता नाही. वही, पेन्सिल, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे नम्रपणे बसण्याची तयारी, एवढेच तिला लागते. त्या पद्धतीला दोन गोष्टींची जोड द्यावी लागेल. सांगणाऱ्याने काय पाहिले आणि काय ऐकले हे वेगळे लिहावे. आणि शब्द सांगणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या घरातली चूल याही गोष्टी शब्दाइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. हे काम कोरकू तरुणांनी स्वतः, आपल्या भाषेत आणि मराठीतही केले, तर ते चितमपल्लींच्या पुढचे पाऊल ठरेल.

चितमपल्लींच्या लेखनाचा निवाडा करताना शेवटी असे म्हणावे लागेल की, त्यांनी मराठीला अरण्याचे डोळे दिले आणि कान दिले. अरण्यातल्या माणसाचे पोट मात्र पुढच्या लेखकांसाठी राहिले. ही उणीव त्यांच्या थोरवीला बाधा आणत नाही; ती आपल्यावरची जबाबदारी दाखवते. लबानोनच्या गंधसरूला ग्रंथाने जपले, पण पर्वतावर त्याला राखणारे हात वेळेवर पुढे आले नाहीत. मेळघाटच्या सागाला निदान ग्रंथ आणि हात दोन्ही लाभावेत.